डोळ्याचे कोडे आणि नेकारकाठचे गाव

मुलांनो, आपल्या मुंबईला एक जर्मन बहीण आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिचे नाव स्टुटगार्ट. १९६८ साली या दोन शहरांनी एकमेकींशी भगिनीशहरांचे नाते जोडले. स्टुटगार्ट म्हणजे मोटारींचे गाव. पण आज आपल्याला तिथे थांबायचे नाही. बहिणीच्या घरी चहा घ्यायचा आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसायचे. आपल्याला जायचे आहे एका छोट्या गावी. नाव जरा जड आहे हं, ट्यूबिंगेन!

प्रवास तासाभराचा. बराच वेळ नेकार नदी सोबत करते. वाटेत रॉयटलिंगेन नावाचे स्टेशन लागते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. रॉयटलिंगेन गेले, की थोड्याच वेळात आपण ट्यूबिंगेनला उतरतो.

स्टेशनातून दहा मिनिटे चाललात, की नेकारवरचा पूल येतो. पुलावर जरा थांबा. समोर पाहा, कशी निळी, पिवळी, गुलाबी घरे नदीच्या काठावर दाटीवाटीने उभी आहेत! जणू वर्गाचा फोटो काढायला मुले ओळीत उभी केली आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची किती तरी शहरे बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झाली. ट्यूबिंगेन मात्र बहुतेक वाचले. म्हणून शेकडो वर्षांची ही घरे आजही पाहायला मिळतात. खाली पाण्यात लांबच लांब, सपाट बुडाच्या होड्या दिसतात. त्यांना वल्ही नाहीत. मागे उभा राहिलेला नावाडी लांब काठीने नदीच्या तळाला रेटा देतो आणि होडी पुढे सरकते. हा नावाडी बहुतेक वेळा विद्यापीठातला विद्यार्थीच असतो बरं का! गावाची वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, आणि त्यात विद्यार्थीच जवळजवळ तिसरा हिस्सा. इथले विद्यापीठ १४७७ सालचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळं छान आहे, पण आम्हांला इथं कशाला आणलंत?" सांगते. तुम्ही आत्ता ही घरे पाहिलीत ना? कशाने पाहिलीत? "डोळ्यांनी!" बरोबर. पण डोळ्यांनी म्हणजे नेमके कसे? हे कोडे ज्याने निम्मे सोडवले तो याच गावात शिकला. आणि उरलेल्या निम्म्याशी झुंजणारी माणसेही याच गावात कामाला लागली.

अधू डोळ्यांचा विद्यार्थी

नदीकाठच्या घरांच्या वर एक जुनी भक्कम इमारत दिसते. एके काळी तो मठ होता, पुढे तिथे विद्यार्थ्यांची राहण्याची सोय झाली. १५८९ साली तिथे एक सतरा वर्षांचा मुलगा राहायला आला. घरची गरिबी. लहानपणी देवीचा आजार झालेला, त्यात त्याची नजर कायमची अधू झाली होती. त्याचे नाव योहानेस केप्लर! हो, तोच. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे ज्याने सांगितले, तो केप्लर.

ग्रहांचा केप्लर सगळ्यांना माहीत असतो. डोळ्यांचा केप्लर फार थोड्यांना. १६०४ साली, तो प्रागला होता तेव्हा, त्याने प्रकाशावर एक मोठा ग्रंथ छापला. त्याआधी डोळ्याबद्दल नाना कल्पना होत्या. कुणी म्हणे, डोळ्यातूनच किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करून येतात. कुणी म्हणे, डोळ्यातल्या भिंगालाच दिसते. केप्लरने गणित मांडून दाखवले, की भिंग फक्त प्रकाश गोळा करते, आणि चित्र उमटते ते डोळ्याच्या अगदी मागच्या भिंतीवरच्या पडद्यावर. या पडद्याला आपण दृष्टिपटल म्हणतो. आणि गंमत म्हणजे, चित्र उमटते ते चक्क उलटे! डोके खाली, पाय वर.

घरात भिंग असेल तर आत्ताच करून पाहा. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीशी पांढरा कागद धरा आणि भिंग त्याच्या पुढे हळूहळू मागेपुढे करा. कागदावर तुमची खिडकी दिसेल, उलटी आणि रंगीत. (सूर्याकडे मात्र भिंग कधीही रोखायचे नाही.)

"पण मग आपल्याला जग उलटं का दिसत नाही?" हा प्रश्न त्या वेळीही लोकांना पडला. केप्लरने प्रामाणिकपणे सांगितले, की चित्र पडद्यावर येईपर्यंतचे माझे काम. तिथून पुढे ते मनापर्यंत कसे जाते, ते इतरांनी शोधावे. कोड्याचा उरलेला अर्धा भाग तो पुढच्यांच्या हवाली करून गेला.

किल्ल्यावरचे स्वयंपाकघर

चला, आता चढण चढू या. दगडी गल्ल्यांतून बाजारचौकात येतो. नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर १५११ सालचे खगोलीय घड्याळ आहे, ते पाहून घ्या. याच गावात विल्हेल्म शिकार्ड नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १६२३ मध्ये दातेरी चाकांचे बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र केले आणि त्याची हकीकत पत्राने कुणाला कळवली असेल? केप्लरलाच! म्हणजे आजच्या गणकयंत्राचा एक खापरपणजोबा इथला.

आणखी वर गेलात, की किल्ला लागतो. या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळा होती. १८६९ साली फ्रीडरिश मिशर हा स्वित्झर्लंडचा तरुण तिथे काय तपासत होता माहीत आहे? दवाखान्यातून आणलेल्या बँडेजवरचा पू! शी, म्हणू नका. त्या पुवातल्या पेशींमधून त्याला एक नवाच पदार्थ मिळाला. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. आईबाबांचे गुण मुलांत कसे उतरतात, याचा लेखी हिशेब म्हणजे डीएनए.

या हिशेबात कधीकधी चूक होते. तशा एका चुकीमुळे होणाऱ्या आजाराचे नाव आहे रेटिनायटिस पिगमेंटोझा. डॉक्टरमंडळी थोडक्यात 'आरपी' म्हणतात. सुमारे चार हजार माणसांत एकाला तो होतो. सुरुवातीला रात्री कमी दिसते. (रात्री कमी दिसण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. ती औषधाने भरून निघते. म्हणून अंधारात चाचपडायला होत असेल तर घरी सांगायचे, लपवायचे नाही.) आरपीत पुढे कडेचे दिसेनासे होते, जणू नळीतून पाहतो आहोत. आणि काहींच्या बाबतीत शेवटी सगळाच अंधार होतो.

घंटा वाजवणारा शिपाई

असे का होते? दृष्टिपटल म्हणजे साधा पडदा नव्हे. त्यात पेशींचे थर असतात. एका थरात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी. अंधुक उजेडात कामाला येतात त्या दंडपेशी, प्रत्येक डोळ्यात सुमारे बारा कोटी! रंग आणि बारकावे दाखवतात त्या शंकुपेशी, सुमारे साठ लाख. यांच्यावर प्रकाश पडला, की त्या पुढच्या थरातल्या पेशींना विजेच्या भाषेत निरोप देतात. तो निरोप सुमारे दहा लाख मज्जातंतूंच्या दोरीतून मेंदूकडे जातो. म्हणजे डोळ्यात चित्र पडते, पण दिसते ते मेंदूत!

आरपीत मरतात त्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी. पुढच्या थरांतल्या बऱ्याच पेशी मात्र जिवंत राहतात. कल्पना करा, शाळेचा घंटा वाजवणारा शिपाईच नाहीसा झाला. वर्ग भरलेले आहेत, बाई आहेत, मुले आहेत, पण घंटा होत नाही म्हणून सगळे नुसते बसून आहेत.

"मग नेत्रदानाचा डोळा का बसवत नाहीत?" चांगला प्रश्न आहे. नेत्रदानात डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे पारपटल, दुसऱ्याला बसवता येते. त्याने हजारो लोकांना दृष्टी मिळते. पण दृष्टिपटल असे काढून बसवता येत नाही. ती दहा लाख तंतूंची दोरी पुन्हा कोण जोडणार?

मग ट्यूबिंगेनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचार केला, की शिपाई नाही तर विजेची घंटा बसवता येईल का?

तिळाएवढा डोळा

गावाच्या एका टेकडीवर विद्यापीठाची रुग्णालये आहेत. येथील नेत्रतज्ज्ञ एबरहार्ट झ्रेन्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास या कामाला हात घातला. कॅमेऱ्यात प्रकाश ओळखणारी सिलिकॉनची चकती असते, तशीच एक चकती डोळ्यात, मेलेल्या पेशींच्या जागी, दृष्टिपटलाखाली सरकवायची! चकतीचा आकार अवघा तीन मिलिमीटर लांब-रुंद, साधारण तिळाच्या दाण्याएवढा. जाडी वहीच्या कागदाइतकी. आणि एवढ्याशा जागेत दीड हजार घरे. प्रत्येक घरात प्रकाश ओळखणारा एक कण, त्याचा निरोप मोठा करणारे एक छोटे परिपथ, आणि शेजारच्या जिवंत पेशीला विजेची हलकी टिचकी मारणारे एक टोक.

निरोप मोठा कशाला करायचा? इथेच तर खरी मेख होती. उजेडावर चालणारे गणकयंत्र तुम्ही पाहिले असेल. खोलीतल्या उजेडावर ते बेरजा करते. तेव्हा चकतीनेही उजेडातूनच वीज करावी आणि तीच पेशीला द्यावी, असे आधी अनेकांना वाटले. अमेरिकेत २००० साली तशा चकत्या माणसांच्या डोळ्यांत बसवूनही पाहिल्या. पण डोळ्यात शिरणाऱ्या रोजच्या उजेडातून मिळणारी वीज फारच थोडी. तेवढ्याने पेशी जागी होत नाही. म्हणून बाहेरून वीज आणावी लागली. ट्यूबिंगेनच्या चकतीपासून एक बारीक तार डोळ्याबाहेर निघून कपाळाच्या कडेने, कातडीखालून कानामागे नेली होती. बाहेर हातात मावेल अशी पेटी. तिच्यावरची बटणे फिरवून दिसणारे चित्र उजळ किंवा मंद करता येई.

दुसरीकडे अमेरिकेत 'आर्गस' नावाच्या यंत्राचे काम चालू होते. त्यात कॅमेरा चष्म्यावर असे आणि डोळ्यात फक्त साठ विद्युत्-टोके. त्यात काही पाहायचे तर सगळे डोके वळवावे लागे. ट्यूबिंगेनच्या चकतीत कॅमेराच डोळ्याच्या आत! डोळा फिरला की नजर फिरली, अगदी तुमच्याआमच्यासारखी.

२००५ पासून काही अंध रुग्णांवर प्रयोग सुरू झाले. २०१० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तीन रुग्णांची हकीकत छापून आली. त्यांतला एक जण अनेक वर्षे अंध होता. त्याच्यापुढे काळ्या टेबलावर पांढऱ्या वस्तू ठेवल्या. त्याने काटा ओळखला, सुरी ओळखली. फळे वेगवेगळी सांगितली. खोलीत माणूस कुठे उभा आहे ते पाहून त्याच्यापर्यंत चालत गेला. आणि मोठमोठी अक्षरे जोडून चक्क शब्द वाचले.

थांबा, पेढे वाटण्याआधी एक गोष्ट करा. हात लांब करा आणि मूठ वळा. त्या मुठीआड जेवढे झाकले जाते, साधारण तेवढाच तुकडा या चकतीतून दिसे. तोही रंगीत नाही. राखाडी, धूसर, लुकलुकणारा. बारा कोटी पेशींचे काम दीड हजार घरे किती करणार? आणि सगळ्यांनाच तेवढेही दिसले नाही. कुणाला फक्त उजेड कुठून येतो एवढेच कळले.

आणखी एक गोष्ट, जी वाचताना माझे मन चरकले. त्या पहिल्या प्रयोगातली चकती कायमची नव्हती. ठरलेली मुदत संपल्यावर ती काढून घ्यायची होती. त्या माणसाला हे आधीपासून माहीत होते, त्याने तशी संमती दिली होती. तरी विचार करा, इतक्या वर्षांनी काटा-चमचा दिसला, माणसे दिसली, अक्षरे वाचली, आणि मग पुन्हा अंधारात परत जायचे. कशासाठी? पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून. नियतकालिकांत डॉक्टरांची नावे छापली जातात. अशा रुग्णांचा मान तितकाच मोठा आहे.

रॉयटलिंगेनचे दार बंद होते

आता मघाच्या स्टेशनाची आठवण काढा. ही चकती बनवणारी कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली ती रॉयटलिंगेनला. २०१३ साली तिच्या चकतीला युरोपात वापराची परवानगी मिळाली. आता तार कातडीच्या आत संपे आणि वीज कानामागच्या वेटोळ्यातून, कातडीला भोक न पाडता जाई. २०१६ मध्ये सोळाशे घरांची सुधारलेली चकती आली. आणि २०१९ मध्ये कंपनीने काम गुंडाळायचे ठरवले. खर्च प्रचंड, नियम कडक, आणि मिळणारी दृष्टी लोकांच्या आशेपेक्षा कमी.

'आर्गस'चेही तसेच झाले. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले होते. २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग ज्यांच्या डोळ्यांत ते होते, त्यांनी बिघाड झाल्यावर जायचे कुणाकडे? रेडिओ बिघडला तर दुसरा आणता येतो. डोळ्यात बसवलेल्या यंत्राचे काय? मोठेपणी तुमच्यापैकी कुणी असे यंत्र बनवणार असेल, तर हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यंत्र बनवणे हे अर्धेच काम. ते ज्याच्या शरीरात आहे त्याच्या पाठीशी शेवटपर्यंत उभे राहणे, हे उरलेले अर्धे.

तार गेली, चष्मा आला

मग सगळे संपले का? नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॅनियल पालंकर यांनी जुन्याच अडचणीवर नवी युक्ती काढली. साधा उजेड अपुरा पडतो ना? मग चष्म्यातूनच झगझगीत प्रकाश टाकू! पण तो डोळ्याला न दिसणारा, अवरक्त प्रकाश. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचे चित्र टिपतो, ते मोठे करतो आणि अवरक्त प्रकाशात डोळ्यातल्या चकतीवर पाडतो. त्या प्रकाशातूनच चकतीला पुरेशी वीज मिळते. तार नको, कानामागे काही नको. ही 'प्रिमा' नावाची चकती दोन मिलिमीटरची. तिच्यात ३७८ घरे.

ती आरपीसाठी नव्हे, तर म्हातारपणी होणाऱ्या एका आजारासाठी वापरून पाहिली. त्यात नजरेचा मधलाच भाग जातो. आजोबांना दार दिसते, पण दारातल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. युरोपातल्या पाच देशांत, जर्मनीतही, हे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरे वाचण्यात चांगला फरक पडला होता. काहींना शस्त्रक्रियेचा त्रासही झाला. रंग अजून नाहीत, आणि चेहरे ओळखता यावेत इतके बारकावेही नाहीत. पण पुस्तकातले शब्द, औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येणे ही काय लहान गोष्ट झाली?

संध्याकाळ झाली. परत नेकारच्या पुलावर येऊ या. घरांची रंगीत रांग आता पाण्यात उतरली आहे, उलटी! डोके खाली, पाय वर. केप्लरने सांगितलेले चित्र तुमच्या डोळ्यांच्या मागच्या भिंतीवर आत्ता असेच पडले आहे. तिथून पुढे ते तुमच्या मनापर्यंत कसे गेले? चारशेहून अधिक वर्षे माणसे त्या वाटेने चालत आहेत. तिळाएवढे अंतर तोडले आहे. उरलेली वाट कुणीतरी चालायचीच आहे.

करून पाहा

आलेख-कागदावर ४ सेंटिमीटर लांब आणि ३.८ सेंटिमीटर रुंद चौकट आखा. तिच्यात एक मिलिमीटरची बारीक घरे १५२० भरतात. ट्यूबिंगेनच्या चकतीत साधारण तेवढीच होती. आता पेन्सिलीने घरे पूर्ण भरून तुमच्या नावाचे पहिले अक्षर काढा. अर्धे घर भरायचे नाही बरं का! मग दुसरीकडे दहा बाय सहा घरांची चौकट घ्या, म्हणजे साठ घरे. तेच अक्षर त्यात काढा आणि कागद घरातल्या कुणाला तरी लांबून दाखवा. कोणते अक्षर ओळखू आले, कोणते नाही? नंतर आईचा किंवा बाबांचा चेहरा दीड हजार घरांत काढून बघा. किती अवघड जाते ते पाहिलेत, की बारा कोटी पेशी तुम्हांला रोज फुकट काय काय देतात ते कळेल.